चुंबकीय भुकटीची कांडी: इपॉक्सीत टर्फेनॉल-डी मिसळून स्ट्रेन मोजण्याची कृती

आधी एक गोष्ट सरळ सांगून टाकतो. तुमचं काम साध्या फॉइल स्ट्रेन गेजने (ताणलं की रोध बदलणारी धातूच्या पातळ पत्र्याची जाळी) भागत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि गेजच चिकटवा. सिमन्स आणि रुज यांनी १९३८ च्या सुमारास बांधलेली ती पद्धत आजही मोडीत निघालेली नाही. १२० किंवा ३५० ओहमची पातळ जाळी, गेज फॅक्टर सुमारे २, म्हणजे १००० मायक्रोस्ट्रेनला रोधात ०.२ टक्के बदल. स्वस्त, रेखीव आणि जगाने पारखलेली.

मग भुकटीच्या वाटेला कशाला जायचं? फॉइल गेजला तार जोडावीच लागते, आणि काचतंतू-इपॉक्सीच्या थरांच्या आत गेज गाडला की ती तार हाच लॅमिनेटमधला कच्चा दुवा ठरतो. चुंबकीय कणांना तार लागत नाही. कण आत बसतात आणि वाचणारी तारेची गुंडाळी (कॉइल) बाहेर राहते. १९९० च्या दशकात अमेरिकेत तंतू-प्रबलित पॉलिमरमध्ये टर्फेनॉल-डी या चुंबकीय मिश्रधातूची भुकटी मिसळून बाहेरून चुंबकीय वाचन घेण्याचे प्रयोग झाले, ते याच कारणासाठी. शिवाय इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा सेन्सर शून्यापासून हाताने बनवता येतो. फॉइल गेज तसा बनवता येत नाही.

पुढच्या मजकुरात 'स्ट्रेन' म्हणजे लांबीतला बदल भागिले मूळ लांबी. एका मीटरमागे एक मायक्रोमीटर वाढ झाली की एक मायक्रोस्ट्रेन. पोलादाचा यंग गुणांक (ताण भागिले स्ट्रेन, म्हणजे कडकपणा) २०० गिगापास्कल धरला, तर १००० मायक्रोस्ट्रेन म्हणजे २०० मेगापास्कल ताण. काँक्रीट ओढलं तर साधारण १०० ते १५० मायक्रोस्ट्रेनला भेगाळतं. मोजायचं ते या टापूतलं, हे डोक्यात पक्कं असू द्या.

कोणती भुकटी, आणि लोखंड का नाही

चुंबकित केल्यावर लोखंडाची लांबी किंचित बदलते, हे जूलने १८४२ मध्ये दाखवलं. त्याची उलट बाजू, म्हणजे ताण दिल्यावर चुंबकीय गुण बदलणं, ही १८६५ मध्ये व्हिलारीच्या नावावर जमा झाली. आपला सेन्सर या व्हिलारी परिणामावर चालतो: ताण आला की कणांची पारगम्यता (चुंबकीय क्षेत्र किती सहज आत घेतात ते) बदलते, आणि कांडीभोवतीच्या गुंडाळीचं इंडक्टन्स मोजून तो बदल वाचायचा.

इथे बहुतेक जण पहिली चूक करतात. कार्बोनिल लोखंडाची गोल कणांची भुकटी सहज मिळते, म्हणून तीच इपॉक्सीत कालवतात आणि बीम वाकवला तरी आकडा हलत नाही म्हणून हैराण होतात. याला दोन कारणं आहेत.

पहिलं कारण चुंबकीय. सुटा गोल कण स्वतःच्याच विचुंबकन क्षेत्राच्या (चुंबकित झाल्यावर आत तयार होणाऱ्या उलट्या क्षेत्राच्या) कह्यात असतो. आतल्या धातूची पारगम्यता ५०० असो वा ५०००, बाहेरून तो जवळपास ३ च वाटतो. आत झालेला बदल बाहेर कळतच नाही.

दुसरं कारण यांत्रिक. १००० मायक्रोस्ट्रेनला पोलादात २०० मेगापास्कल ताण येतो, पण ३ गिगापास्कलच्या इपॉक्सीत फक्त ३ मेगापास्कल. त्यात रुतलेल्या सुट्या कणाच्या वाट्याला फारतर त्याच्या दीड-दोन पट. एवढ्याशा ताणाने लोखंड किंवा निकेल ढिम्म राहतं. निकेलचं संपृक्त मॅग्नेटोस्ट्रिक्शन (पूर्ण चुंबकित केल्यावर लांबीत होणारा बदल) उणे ३५ मायक्रोस्ट्रेनच्या आसपास, तर टर्फेनॉल-डीचं १५०० ते २०००. वर टर्फेनॉल-डीची स्वतःची सापेक्ष पारगम्यता तीन ते दहाच असते, त्यामुळे गोल आकाराचा पडदाही फार आड येत नाही. दोन्ही अडचणी एकाच मिश्रधातूने सुटतात.

नावाची फोड मजेशीर आहे: टर्बियमचा 'टर', लोखंडाच्या लॅटिन नावातला 'फे', अमेरिकी नौदलाच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीचा 'नॉल' आणि डिस्प्रोसियमचा 'डी'.

महाग आहे, हे खरं. पण एका कांडीला दीड ग्रॅमच लागते.

मापं आणि वजनं

कांडीचं माप ३ × ३ × ६० मिमी. दोन्ही टोकांचे १०-१० मिमी पायांत, म्हणजे कांडीला पृष्ठभागावर उचलून धरणाऱ्या तुकड्यांत, चिकटतील, मधले ४० मिमी मोकळे राहतील. कांडी थेट पृष्ठभागावर का चिकटवत नाही? कारण मग गुंडाळीची तार गोंदाच्या थरात येते आणि सगळा खेळ बिघडतो. पायांवर उभी केलेली कांडी मधे मोकळी राहते आणि गुंडाळी तिच्याभोवती न शिवता बसते.

भुकटीचं प्रमाण घनफळाने ३० टक्के ठेवा. ५० च्या वर गेलात तर लगदा होतो आणि हवा निघत नाही. सहा कांड्यांचं एकूण घनफळ ३.२४ घनसेंमी. टर्फेनॉल-डीची घनता ९.२ आणि इपॉक्सीची सुमारे १.१५ धरली, तर भुकटी ८.९ ग्रॅम आणि राळ (म्हणजे इपॉक्सी) २.६ ग्रॅम होते. वजनाने पाहिलं तर चार भागांत तीन भागांहून जास्त भुकटी. भांड्याला चिकटून वाया जाईल म्हणून दोन्ही पंधरा टक्के जास्त घ्या. सहापैकी चार चांगल्या निघाल्या तरी पुष्कळ.

भुकटी ५० ते २०० मायक्रोमीटर जाडीची घ्या. बारीक भुकटी लवकर गंजते आणि पेटही घेऊ शकते. म्हणून ती खलात कुटायची नाही, मिक्सरमध्ये तर अजिबात नाही. हातमोजे आणि मास्क घाला, शेजारी कोरड्या वाळूची बादली ठेवा. धातूची भुकटी पेटली तर पाणी ओतायचं नसतं.

राळ म्हणून आपल्याकडच्या प्रयोगशाळांत सर्रास वापरली जाणारी एलवाय-५५६ आणि एचवाय-९५१ ही जोडी चालते. प्रमाण वजनाने १०० ला १०. मात्र तीन ग्रॅम राळेत पाव ग्रॅम हार्डनर मोजायला जाल तर हात नक्की चुकेल. त्यापेक्षा २० ग्रॅमला २ ग्रॅम असं मिश्रण करा आणि त्यातून हवं तेवढं काढून घ्या. उरलेलं वाया जातं, जाऊ द्या.

ओतणं आणि कण रांगेत लावणं

साचा सिलिकॉन रबराचा करा. लोखंडी साचा नको, हे सांगायला लागू नये, पण लोखंडी स्क्रूही नकोत. भुकटी राळेत हळूहळू मिसळा आणि निर्वात भांड्यात बुडबुडे बसेपर्यंत ठेवा. निर्वात पंप नसेल तर मिश्रण साच्यात काडीने टोचत टोचत भरा. निकाल थोडा डावा येतो, पण येतो.

आता मुख्य पायरी. राळ घट्ट होत असताना साचा चुंबकीय क्षेत्रात ठेवायचा, म्हणजे कण कांडीच्या लांबीच्या दिशेने साखळ्या धरतात. साखळीतला कण सुट्या गोल कणासारखा एकटा राहत नाही. विचुंबकनाचा पडदा विरळ होतो, ताणही साखळीतून जास्त पोचतो. दोन मोठे निओडिमियम ठोकळे समोरासमोर, मागून पोलादी चौकटीने जोडलेले, मधे साचा, आणि जागेवर ०.१ टेस्लाच्या आसपास क्षेत्र. हॉल सेन्सरने (चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या चिपने) ते दोन्ही टोकांना आणि मध्यभागी मोजा.

तिन्ही जागी मोजा हे उगाच म्हणत नाही. आमच्या पहिल्या खेपेत साचा चुंबकाच्या कडेपर्यंत गेला होता. क्षेत्र एकसारखं नसलं की कण नुसते रांगेत लागत नाहीत, जोर असेल तिकडे वाहत जातात. सकाळी साचा उघडला तर कांडीचं एक टोक काळंकुट्ट आणि दुसरं जवळपास पारदर्शक मधासारखं. सहाच्या सहा फेकल्या. चुंबकाचं तोंड साच्यापेक्षा सर्व बाजूंनी मोठं हवं.

दुसरा त्रास गाळाचा. भुकटी राळेच्या आठपट जड, ती खाली बसणारच. राळ थोडी दाटू लागल्यावर ओतली तर बसायला वेळ मिळत नाही. मार्च-एप्रिलच्या दुपारी ही जोडी इतकी झटपट दाटते की भांड्यातच दगड होतो, आणि डिसेंबरच्या सकाळी तासभर पाण्यासारखी राहते. घड्याळाकडे पाहू नका, काडीने तार निघते का ते पाहा. साखरेच्या पाकाला बघतो तसंच.

चोवीस तास साच्यात राहू द्या, मग ८० अंश सेल्सिअसला दोन-तीन तास भाजा. न भाजलेली इपॉक्सी नंतर महिनोन्‌महिने हळूहळू आकसत राहते, आणि ते आकसणं तुम्हाला स्ट्रेन म्हणून दिसतं.

गुंडाळी आणि बायस चुंबक

आतून ४ × ४ मिमी पोकळ असा प्लास्टिकचा सांगाडा घ्या, थ्री-डी प्रिंटरवर निघतो. त्यावर ३६ एसडब्ल्यूजी (तारेच्या जाडीचा क्रमांक) इनॅमल तारेचे ३०० वेढे, ३० मिमी लांबीत. रिकाम्या गुंडाळीचं इंडक्टन्स १०० मायक्रोहेन्रीच्या घरात येतं आणि कांडी घातल्यावर १५० च्या आसपास जातं. जात नसेल तर कांडीत भुकटी कमी आहे.

इंडक्टन्स मोजणारा एलसीआर मीटर १०० किलोहर्ट्झला लावा. भरीव टर्फेनॉल-डीच्या दांड्याला एवढी वारंवारता सोसत नाही, आवर्त प्रवाह (एडी करंट) त्याला खातात. आपल्या कांडीत कण एकमेकांपासून राळेने वेगळे पडलेले असतात आणि प्रत्येक कण स्किन डेप्थपेक्षा (क्षेत्र धातूत जितकं खोल शिरतं त्यापेक्षा) लहान असतो. इथे भुकटीचा फायदा होतो. मोजायचं ते इंडक्टन्स, तारेचा रोध धरून होणारा एकूण इम्पीडन्स नव्हे. तांब्याचा रोध अंशामागे ०.३९ टक्के वाढतो आणि इम्पीडन्स वाचलात तर तुम्ही तापमापक बनवला आहे.

सततच्या नोंदीसाठी एलडीसी१६१२ सारखी दोन वाहिन्यांची इंडक्टन्स मोजणारी चिप बरी पडते. १५० मायक्रोहेन्रीला १५ नॅनोफॅरडचा कपॅसिटर जोडला की अनुनाद १०६ किलोहर्ट्झला येतो. कपॅसिटर सी०जी किंवा पॉलिप्रॉपिलीन प्रकारचाच घ्या. साधा एक्स७आर प्रकारचा कपॅसिटर उन्हात इतका सरकतो की सेन्सरपेक्षा तोच जास्त बोलतो. आणि लक्षात ठेवा, वारंवारतेतला सापेक्ष बदल इंडक्टन्सच्या बदलाच्या निम्मा आणि उलट चिन्हाचा असतो.

आता बायस, म्हणजे कांडीला कायम दिलेलं स्थिर चुंबकीय क्षेत्र. क्षेत्र शून्य असताना टर्फेनॉल-डी फार कमी प्रतिसाद देतं. कांडीच्या दोन्ही टोकांपलीकडे एकेक छोटं निओडिमियम चकतीचुंबक ठेवा, दोघांची दिशा एकच, म्हणजे क्षेत्र कांडीतून आरपार जाईल. टोकापासून अंतर ५ मिमीपासून १५ मिमीपर्यंत बदलत न्या आणि ठरावीक भाराला सर्वांत मोठा बदल जिथे मिळतो तिथे कायमचं चिकटवा. हे गणिताने काढण्याच्या फंदात पडू नका, अर्ध्या तासात हाताने सापडतं. बदलाचं चिन्हसुद्धा बायसप्रमाणे पालटू शकतं, तेव्हा ओढल्यावर आकडा वाढलाच पाहिजे असं आधी धरून चालू नका.

नेहमी दोन कांड्या

सगळा लेख विसरलात तरी चालेल, हा भाग विसरू नका. सेन्सर एकटा लावायचा नाही, जोडीने लावायचा.

निओडिमियमची ताकद अंशामागे सुमारे ०.११ टक्के घटते. कणांची पारगम्यता, राळेची लांबी, कपॅसिटर, सगळंच तापमानासोबत हलतं. पोलाद स्वतः अंशामागे १२ मायक्रोस्ट्रेन वाढतं. सकाळ-दुपारच्या १५ अंशांच्या फरकाने मोकळं पोलाद कोणताही भार नसताना १८० मायक्रोस्ट्रेन ताणलेलं दिसेल. गच्चीवर पहिल्यांदा एकटी कांडी लावली तेव्हा आमच्या आलेखात रोज एक सुंदर लाट यायची. दोन दिवस आम्ही तिला इमारतीचा श्वास म्हणत होतो. ती फक्त उन्हाची तिरीप होती.

म्हणून त्याच ओतातली दुसरी कांडी, तशीच गुंडाळी, तसेच चुंबक, शेजारी ७०-८० मिमीवर. मात्र हिचा एकच पाय चिकटवायचा, दुसरा मोकळा सरकता. ऊन दोघींना सारखं लागतं, ताण एकीलाच. दोन्हींची वजाबाकी हेच तुमचं वाचन.

तरी एक छिद्र उरतं, ज्याकडे बऱ्याच अहवालांत काणाडोळा होतो. मोकळी कांडी स्वतःच्या गुणांकाने प्रसरण पावते, तर चिकटलेली कांडी पोलादाच्या चालीने वाढायला बांधील असते. भरलेल्या इपॉक्सीचा प्रसरण गुणांक पोलादापेक्षा बराच जास्त असतो. दोघींतला हा फरक वजाबाकीत विरत नाही, खोटा स्ट्रेन बनून राहतो. त्यावर उपाय एकच. जोडी ज्या धातूवर लावायची त्याच धातूच्या भार नसलेल्या पट्टीवर आधी बसवा, २० ते ५० अंशांपर्यंत सावकाश तापवा आणि अंशामागे किती खोटा स्ट्रेन दिसतो ते मोजा. शेजारी एक तापमान सेन्सर ठेवला की नंतर तेवढं वजा करता येतं.

पाण्याच्या बाटल्यांनी कॅलिब्रेशन

२५ मिमी रुंद, १० मिमी जाड अ‍ॅल्युमिनियमची पट्टी टेबलाला घट्ट आवळा, ४०० मिमी बाहेर काढून. पट्टी मुद्दाम अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे यजमान धातूचा चुंबकीय गोंधळ तूर्त बाहेर राहील. कांडीचा मध्य आवळलेल्या जागेपासून ६० मिमीवर येऊ द्या. पाय म्हणून ३ मिमी जाडीचे काच-इपॉक्सीचे तुकडे वापरा, जुन्या पीसीबीचे थर चिकटवूनही होतात.

टोकाला वजन म्हणून एक लिटर पाण्याच्या बाटल्या टांगा. लोखंडी वजनं टांगाल तर कांडी भारही वाचेल आणि वजनाचं लोखंडही. अ‍ॅल्युमिनियमचा गुणांक ७० गिगापास्कल धरला, तर एका बाटलीमागे पट्टीच्या पृष्ठभागावर ११४ मायक्रोस्ट्रेन येतो.

पण कांडी पृष्ठभागावर नाही, त्याच्या वर साडेचार मिमीवर आहे. तटस्थ अक्षापासून (पट्टी वाकली तरी न ताणला जाणारा मधला थर) पृष्ठभाग ५ मिमी, कांडी ९.५ मिमी. म्हणजे कांडीला १.९ पट, बाटलीमागे सुमारे २१७ मायक्रोस्ट्रेन जाणवतो. ही १.९ ची पट विसरून बरेच जण आपला सेन्सर दुप्पट संवेदनशील असल्याचं जाहीर करतात. तीनशे मिमी खोल गर्डरवर हाच फरक तीन टक्क्यांवर येतो. पट्टीच्या खालच्या बाजूला, त्याच जागी, एक फॉइल गेज लावून आकडा पडताळा. भुकटीच्या सेन्सरला साक्षीदार म्हणून जुना गेजच लागतो, यात कमीपणा नाही.

मोजणीआधी पाच बाटल्या दहा वेळा चढवा-उतरवा. कांडी, गोंद आणि कणांतले चुंबकीय डोमेन (एकाच दिशेने चुंबकित असलेले सूक्ष्म भाग) यांना बसायला हे लागतं. मग एकेक चढवत, एकेक उतरवत तीन फेऱ्या नोंदवा. चढतीची आणि उतरतीची रेघ एकमेकींवर पडणार नाही. मधली सर्वांत मोठी फट हीच तुमच्या सेन्सरची प्रामाणिक चूक, तीच अहवालात लिहा. शेवटी पाचही बाटल्या तासभर टांगून ठेवा आणि वाचन किती सरकतं ते पाहा. ते इपॉक्सीचं रांगणं (क्रीप), म्हणजे कायम भाराखाली हळूहळू ताणत जाणं. यामुळेच वर्षभराच्या स्थिर भाराचा खरा आकडा या सेन्सरकडून मागू नये. वाहन गेलं, वारा आला, भार चढला-उतरला असे बदल विचारा, ते तो चांगले सांगतो.

खऱ्या पोलादावर

पोलाद हे स्वतःच चुंबकीय आहे आणि त्यालाही व्हिलारी परिणाम आहे. कांडी पोलादाजवळ नेली की बायसचं बरंचसं क्षेत्र पोलादातून आडवाट काढतं आणि संवेदनशीलता बदलते. म्हणून अ‍ॅल्युमिनियमवरचा आकडा पोलादावर चालत नाही. पाय ५-६ मिमी उंच करा, त्याच जाडीच्या पोलादी पट्टीवर बायसचं अंतर नव्याने शोधा आणि कॅलिब्रेशन पुन्हा करा. पाय उंच झाले की वाकण्याची पटही पुन्हा काढा.

लावताना रंग आणि गंज घासून चमक आणा, अ‍ॅसिटोनने पुसा, पुसलेल्या जागी बोट लावू नका. पाय इपॉक्सीने चिकटवा, सिलिकॉनने नाही. सिलिकॉन ताण गिळून टाकतं. वरून प्लास्टिकचं झाकण हवं. कोकणात असाल तर झाकणाच्या कडा सील करा, खाऱ्या हवेत टर्फेनॉल-डीचे उघडे कण आधी काळवंडतात आणि मग त्यांचा गुण जातो.

काँक्रीटसाठी वेगळी चाल

काँक्रीटवर ही ४० मिमीची कांडी लावू नका. २० मिमीच्या खडीत गेज लांबी निदान खडीच्या तिप्पट हवी, नाहीतर तुम्ही एका खड्याचा स्ट्रेन मोजाल. तिथे चुंबकीय पॉलिमर दुसऱ्या रूपात वापरा: फ्रिजवर चिकटणाऱ्या पट्टीत असतं तसं रबरातलं स्ट्रॉन्शियम फेराइट. २०० मिमी अंतरावर दोन पाय, एकाला काचतंतूची दांडी आणि तिच्या टोकाला या रबरी चुंबकाचा तुकडा, दुसऱ्या पायावर हॉल सेन्सर, मधे ५ मिमी हवा. १०० मायक्रोस्ट्रेनला २० मायक्रोमीटरची हालचाल होते. लहान चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने ती १.२ टक्के बदल देते. कांडीच्या तुलनेत हे वाचणं कितीतरी सोपं.

मात्र फेराइटची ताकद अंशामागे ०.२ टक्के घटते. सहा अंश ऊन वाढलं की तेवढाच १.२ टक्के बदल, कुठलाही भार नसताना. तेव्हा इथेही दुसरा तसाच तुकडा आणि दुसरा हॉल सेन्सर, एकाच पायावर, ठरलेल्या अंतराने. दोन्हींचं गुणोत्तर घ्या आणि भेग रुंदावते आहे की नुसती दुपार झाली आहे, ते पाहा.